मिठाची वाघीण

दत्ता, खरं सांगतो, तुझ्या तेराव्याला मी जळत होतो. पंक्तीत माझ्या डावी-उजवीकडे बसलेले सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते. कंपनीतले फिटर, गल्लीतले शेजारी, निडीहून आलेले पाहुणे, सगळ्यांचा विषय एकच. दत्ताची गाडी. परसात विहिरीभोवती रुळांवर फिरायची ती छोटी. काय हात होता माणसाचा. एकाने मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "सुमनचा भाऊ, पेणचा." तर म्हणतो, "मग तुम्ही बघितली असंल गाडी." बघितली असंल म्हणे. त्या गाडीच्या अकरा वाघिणींपैकी दहांना रंग माझा आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. भाताचा घास तोंडात तसाच धरून बसलो.

माणूस जाऊन तेरा दिवस झाले आणि हा त्याच्यावर जळतो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. तुझ्यावर जळायची मला शाळेपासून सवय आहे. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, असं गुरुजींनी सांगितलं तेव्हा तू उभा राहून विचारलंस, "मग वाघ कोणता, गुरुजी? इंजिन का?" अख्खा वर्ग हसला, गुरुजीही हसले. तोच प्रश्न माझ्या डोक्यात तुझ्या आधी आला होता. पण मी उठलो नाही आणि तू उठलास. आपलं दोघांचं पुढचं सगळं असंच चाललं.

नवे रूळ रोह्याकडे आले तेव्हा आपण पंचविशीत होतो. सायकलवर डबलसीट निडीपर्यंत गेलो, बांधावर बसलो आणि मालगाडीच्या वाघिणी मोजल्या. तू म्हणालास चाळीस, मी म्हणालो एकेचाळीस. मग लक्षात आलं की शेवटचा गार्डाचा डबा मी धरला होता, तू धरला नव्हता. "त्यात माल नसतो, ती वाघीण नाय," तू म्हणालास. "आकडा लावून बाकीच्यांमागं जाते ना, मग वाघीणच," मी म्हटलं. येताना सायकल मी चालवत होतो आणि तू दांडीवर बसून पेण येईपर्यंत भांडत होतास. तो निकाल कधी लागलाच नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तू सुमनला मागणी घातलीस. माझी धाकटी बहीण. माझ्याजवळ बसून आमच्या मूर्तींच्या कारखान्यात रंग कालवायची. गणपतीच्या पितांबराला लागणारा पिवळा तिच्याइतका नेमका पुन्हा कोणाला जमला नाही. तू तिला रोह्याला घेऊन गेलास आणि माझ्या दांडीवर बसणारा दत्ता आमच्या घरात जावईबापू झाला. आईने पहिला पाट तुला मांडला, पहिली पुरणपोळी तुझ्या ताटात पडली. चारचौघांत मला तुला भावजी म्हणावं लागायचं. तू मिशीतल्या मिशीत हसायचास आणि माझं तिकडे पोटात दुखायचं.

तरी एका गोष्टीत मी राजा होतो. पेणपासून हमरापूरपर्यंत कुठल्याही कारखान्यात विचार, मूर्तीच्या डोळ्यांचं काम, ज्याला आम्ही आखणी म्हणतो, ते कोणाचं बघावं? अरुणचं. बाकी मूर्ती कोणीही रंगवावी, डोळे आखायला माणसं माझ्याकडे येतात. एकसारखी रेघ, दोन्ही डोळ्यांत तसूभर फरक नाही. हे मी कोणाकडून शिकलो नाही, आणि तुला ते सात जन्मांत जमलं नसतं. तिथे तू माझ्यापुढे यायचा नाहीस. मग तू ती गाडी आणलीस.

तू फिटर होतास त्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या कुठल्याशा परदेशी इंजिनिअरने जाताना तुला एक खोकं दिलं होतं. आत सुटे भाग. दोन बाजू, फरशी, दारं, चार चाकं, आकडे आणि एक चित्रांचा कागद. जोडलं की मालडबा तयार, घरामागच्या बागेतल्या रुळांवर चालवायला. रुळांमधलं अंतर तीन बोटं. तू ते खोकं घेऊन एसटीने थेट माझ्या कारखान्यात आलास. आपण दोघांनी एकत्र बसून केलेली ती एकच वाघीण. तू जोडलीस, मी रंगवली. आणि मी गणपती रंगवणारा माणूस. आमच्यात रंगाविना जागा सोडणं म्हणजे काम अर्धवट टाकणं. म्हणून मी चाकंही रंगवली, चाकांचा कणा रंगवला, कण्याची टोकं जिथे फिरतात ती भोकंसुद्धा आतून रंगवली. दोन हात. वाळल्यावर चाक जागचं हलेना.

तू इतका हसलास की सगळे कारागीर हातातले ब्रश खाली ठेवून बघायला लागले. "अरे अरुण, ही बसलेली मूर्ती नाय, ही चालायची हाय." साधं वाक्य. तुझ्या मनात वाईट काही नसणार. पण माझ्याच कारखान्यात, माझ्याच माणसांसमोर. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही, दत्ता. चालायचं ते तुझं आणि बसून राहायचं ते माझं, असं मला त्या दिवशी वाटलं ते वाटलंच.

पुढे तू मागे वळून बघितलं नाहीस. निवृत्त झालास आणि परसात विहिरीभोवती, चिकूखालून, नहाणीच्या पाण्याच्या पाटावर लाकडी पूल घालून रूळ टाकलेस. खोकी कुरिअरने येऊ लागली. आतून निघायच्या तिकडच्या देशांतल्या वाघिणी, आणि तू त्यांना कापून, चिकटवून आपल्या लाइनीवरच्या करायचास. आईस्क्रीमच्या काड्यांनी बाजू उंच करायचास, इंजेक्शनच्या नळ्यांचे पाइप करायचास, वजनाला फरशीखाली मासेमारीच्या जाळ्याचं शिसं. रंगाला मात्र माझ्याकडे. मी रविवारी येऊन तांबडा असा काढायचो की नजर ठरू नये. आणि पुढच्या खेपेला येऊन बघावं, तर तू त्यावर चहाचं पाणी आणि विटेची पूड फासलेली.

"माझ्या रंगाची वाट लावलीस," मी म्हणायचो.

"गाडी कामाला जाते, लग्नाला नाय," तू म्हणायचास. सुमन आतून हसायची. तुझ्याच बाजूने हसायची ती, नेहमी.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तू ती मिठाची वाघीण केलीस.

आमचे आबा, म्हणजे माझे आणि सुमनचे वडील, मिठागरात राबले. त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ कायम असायचं. तू एक बंद डबा विकत घेतलास, त्याचं छप्पर कापून उघडा केलास, आत रांगोळीची पूड चिकटवून मिठाची रास केलीस. वर काडीएवढं फावडं आणि बाजूने फुटलेली टोपली. खऱ्या वाघिणीवर वजन-माप लिहितात त्या जागी काडेपेटीच्या काडीने लिहिलंस, "आबा". रंगही या वेळी तूच दिलास. मला विचारलंसुद्धा नाहीस.

मी म्हटलं, "हे खोटं हाय. आबांचं मीठ कधी रेल्वेने गेलं नाय. मचव्यातनं जायचं, नायतर ट्रकने."

तू म्हणालास, "म्हणून तर घातलं. तेवढं राहिलं होतं."

मी काही बोलायच्या आत सुमनने ती वाघीण हातात घेतली आणि ती रडायला लागली. पदराने डोळे पुसत होती आणि मिठाच्या राशीवरून बोट फिरवत होती. मी आयुष्यभर हजारो मूर्तींचे डोळे आखले. माझ्या एका मूर्तीपुढे माझी बहीण कधी रडली नाही. आणि बाप माझा होता, दत्ता. त्याच्या पायांना तेल मी लावलं होतं. वाघीण मात्र तू केलीस.

आता जे सांगतो ते तीन वर्षं माझ्या घशात अडकलंय.

त्या वर्षीची भाऊबीज. आपल्याकडची पद्धत तूच पाडलेली. संध्याकाळी मी परसात पाटावर बसायचं, सुमनने ओवाळायचं, आणि तिची ओवाळणी विहिरीकडून गाडीत बसून यायची. साडी वाघिणीत मावत नाही, म्हणून मी पेणच्या बाजारातून हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. दुपारी जेवून तू पडवीत लवंडलास, सुमन मागे भांडी घासत होती. मी तुझ्या कामाच्या टेबलाशी गेलो. मिठाची वाघीण उलटी केली, पुढची चाकं कण्यासकट काढली. माझ्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा असतोच, मूर्तीच्या सांध्यावरचे उंचवटे घासायला. चाकाच्या आतल्या बाजूला जी उंच कड असते, जिच्या जोरावर चाक रुळावर टिकतं, ती मी घासायला घेतली. अर्धा तास लागला. दोन्ही चाकांची कड गुळगुळीत केली आणि होती तशी पुन्हा बसवली. मला एवढंच हवं होतं की तुझी वाघीण एकदा तरी सगळ्यांसमोर घसरावी. तुझ्याही कामावर लोकांनी एकदा हसावं.

संध्याकाळी शेजारपाजारचे जमले. तू बांगड्या नेमक्या त्याच वाघिणीत ठेवल्यास. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. गाडी विहिरीला वळसा घालून पुलावर आली, वाघीण रुळावरून उतरली आणि खाली नहाणीच्या पाटात जाऊन पडली. बांगड्यांचा आवाज झाला.

"फुटल्या," मी म्हटलं.

"वाढल्या म्हण, दादा," सुमन ओवाळणीचं ताट हातात धरून म्हणाली. बांगड्या फुटल्या म्हणायचं नसतं. सवाष्णीच्या तर नाहीच नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं आणि तरी माझ्या तोंडून गेलं.

तू पाण्यात हात घालून वाघीण उचललीस. उलटी करून बघितलीस. अंगठा चाकाच्या कडेवरून एकदा फिरवलास. मी तुझ्या अंगठ्याकडे बघत होतो. मग चाकं काढून खिशात टाकलीस आणि लोकांना म्हणालास, "रूळ वाकलाय माझा." दुसऱ्या दिवशी तू पुलावरचा चांगला, सरळ रूळ उखडून नवा टाकलास. मी आठवडाभराने दुसऱ्या बांगड्या घेऊन आलो, तेव्हा मला तो नवा रूळ कौतुकाने दाखवलास.

तीन वर्षं मी एकच विचार करत होतो. याला कळलं का नाही? चाळीस वर्षं फिटर असलेल्या माणसाच्या अंगठ्याला घासलेली कड कळत नाही होय? मग बोलला का नाही? कधीतरी चारचौघांत काढणार असशील म्हणून मी प्रत्येक भाऊबीजेला सावध बसायचो. तू काही काढायचा नाहीस. तू म्हणायचास, "अरुण, नवीन वाघीण आलीय, रंग कधी देतोस?"

आणि आता तू गेलास. त्याचा बांगड्यांशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण तुझ्या दहाव्याला सुमनचे रिकामे हात बघितले आणि मला तिथे उभं राहवेना. मी घाटावरून बाजूला जाऊन उभा राहिलो. लोक म्हणाले, मेहुण्याला फार लागलंय. लागलं होतंच, पण ते समजत होते तेवढंच नव्हतं.

तेरावं झालं आणि सुमन म्हणाली, "दादा, रविवारी ये. गाडी एकदा फिरव. तशीच पडून राहिली तर त्यांना करमायचं नाय." कशीबशी हो म्हणालो.

रविवारी आलो. तुझं टेबल होतं तसंच होतं. वर अर्धवट राहिलेला गार्डाचा डबा. बाल्कनीला उदबत्तीच्या काड्यांचे कठडे लावून झालेले, रंग दिलेला नाही, चाकं बसवलेली नाहीत. तो रंगासाठी माझी वाट बघत होता, हे न सांगता कळत होतं. मी चाकं शोधायला तुझ्या डब्या उघडू लागलो. प्रत्येक डबीवर तू कागद चिकटवलेला, तुझ्या त्या वाकड्या अक्षरात. "ढिली". "जाम". "कामाची". "बघू". आणि मागे हिंगाची एक जुनी डबी, तिच्यावर लिहिलेलं, "अरुणची आखणी".

ती उघडायच्या आधीच मला कळलं होतं आत काय आहे. कापसात ठेवलेली एक जोडी चाकं. कडा घासलेल्या.

मी तिथेच स्टुलावर बसलो. सुमन चहा घेऊन आली. माझ्या हातातली डबी बघितली आणि कप टेबलावर ठेवला.

"गो सुमन, तुला ठाव होतं?"

"व्हय."

"कधीपास्नं?"

"त्याच दिवसापास्नं. तू पेणला गेलास आणि त्यांनी मला दाखवली. म्हणाले, कानशीचं काम नाय हे, पॉलिश पेपरचं हाय. आणि एवढी एकसारखी घासलीय दोन्हीकडं, कुठं तसूभर फरक नाय. चाळीस वर्षांत मला जमली नाय अशी. असा हात एकाच माणसाचा हाय." तिने पदराला हात पुसले. "कितीतरी वेळ बघत बसले होते ती चाकं."

तुझ्याकडून एकदा ऐकायचं होतं, दत्ता. चालणाऱ्या वस्तूवर माझा हात कसा चालतो, हे तुझ्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं. तू म्हणालास, तेही याच कामाबद्दल, आणि म्हणालास ते माझ्या बहिणीला.

"मग मला बोलली का नायस?" मी विचारलं.

"त्यांनी नको म्हटलं. म्हणाले, बोललीस तर तो यायचा बंद होईल. मग डबे कोण रंगवणार?"

"आणि तू मला ओवाळत राहिलीस?"

"नाय तर काय करू, दादा?" ती म्हणाली. "एकच भाऊ हाय मला."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी काय वाटलं ते तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आधी मी जळलो. तीन वर्षं तुम्ही दोघांनी माझं गुपित मिळून सांभाळलंत, आणि मी बाहेर बसून एकटाच घाबरत होतो. तुम्हा दोघांचं असं काहीतरी होतं ज्यात मी नव्हतो, आणि ते माझ्याचबद्दल होतं. हे सुचलं तेव्हा मी हसलो. सुमनला वाटलं मी रडतोय. तिने पाठीवर हात ठेवला आणि मग मी खरंच रडलो.

गार्डाचा डबा मी त्याच दिवशी रंगवला. तांबडा, माझा. "कामाची" डबीतली चाकं बसवली, पण त्यांना रंग लावला नाही, कण्यालाही नाही. वाळल्यावर सुमनच्या कपातला उरलेला चहा घेतला, विटेची पूड घेतली आणि माझ्याच रंगावर माझ्याच हाताने फासली. जीव वरखाली होत होता. पण तुझं बरोबर होतं, तो डबा त्यानंतर कामाला निघालेला दिसायला लागला. हे तुला ऐकायला मिळालं नाही, याचं मला थोडं बरंही वाटतंय.

ऊन उतरल्यावर गाडी सोडली. इंजिनामागे अकरा वाघिणी, आबांची मिठाची मधोमध, शेवटी गार्डाचा डबा. पुलावर आली तेव्हा सुमनने माझा दंड धरला. गाडी पूल ओलांडून चिकूखालून गेली. काही पडलं नाही. सुमन मोजत होती.

"अकरा," ती म्हणाली.

"बारा," मी म्हटलं.

"गार्डाचा डबा नाय धरत," ती म्हणाली. अगदी तुझ्या आवाजात म्हणाली, दत्ता. माझी सख्खी बहीण, अजून तुझ्याच बाजूने भांडते. मी वाद घातला नाही. म्हणजे थोडासा घातला.

येताना ती हिंगाची डबी मी मागून घेतली. आता ती कारखान्यात माझ्या ब्रशांच्या शेजारी आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती सध्या डोळ्यांसाठी रांगेत बसल्यात आणि दर वेळी ब्रश उचलताना तुझं ते वाकडं अक्षर वाचावं लागतं. तीन दिवस नुसतं वाचलं. चौथ्या दिवशी, पहिल्या मूर्तीचे डोळे आखायच्या आधी, तोच बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि तुझ्या अक्षराखाली लिहिलं, "व्हय, माझीच."